उजव्या हाताचं काळं घर

मावशीला मुलं आवडत नसत, आणि आयुष्याची एकतीस वर्षं तिने मुलांच्या शाळेत काढली. कोणी याबद्दल विचारलं की ती म्हणायची, "दात काढणाऱ्या डॉक्टरला कुठे दात आवडतात?" तिची स्वतःची शाळा तिसरीत सुटली होती. ती शाळेत परत आली ती थेट झाडू घेऊन.

घंटा द्यायची, पाण्याचं पिंप भरायचं, वर्ग झाडायचे, आणि दुसऱ्या मजल्याचा लांबलचक व्हरांडा दिवसातून दोनदा पुसायचा, असं तिचं काम. त्या व्हरांड्यावर तिचा जीव होता म्हणा किंवा राग होता म्हणा. ओल्या फरशीवर कोणी पाय ठेवला की ती पायाकडे बघायची, चेहऱ्याकडे नाही. शाळेतली निम्मी मुलं ती चपलांवरून ओळखायची.

या व्हरांड्याच्या टोकाला गणिताच्या सरांचा वर्ग होता. काही माणसांना नखं कुरतडायची सवय असते, तशी सरांना मुलं वर्गाबाहेर काढायची सवय होती. उत्तर चुकलं, बाहेर. वही विसरली, बाहेर. तोंड वाकडं केलं, बाहेर. "मी चाळीस मुलांना शिकवायला येतो, चौघांना सांभाळायला नाही," असं ते म्हणत. मग ती चौघं भिंतीला पाठ लावून उभी राहत आणि उभं राहून कंटाळा आला की मावशीच्या पुसलेल्या फरशीवर घसरगुंडी खेळत.

त्या चौघांत एक कायमची होती. तिला सगळे चिमटा म्हणत, कारण पहिलीत असताना ती चिमटे काढायची. आता सातवीत होती आणि चिमट्यावरून बुक्कीवर आली होती. चणीने लहान, कोपर टोकदार, आणि राग असा की आधी हात उठायचा आणि कारण मागून यायचं. एकदा ती घसरत आली आणि मावशीच्या बादलीला तिने लाथ मारली. चुकून मारली की मुद्दाम, ते तिलाही ठाऊक नसावं. मळकं पाणी सरांच्या दारातून आत गेलं.

सर बाहेर आले. "मावशी, तुम्हाला एक व्हरांडा सांभाळता येत नाही?"

"पोरं तुमची आहेत, सर. मी फरशी सांभाळते."

"बाहेर काढली की माझी नाहीत."

"माझीही नाहीत," मावशी म्हणाली.

चिमट्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. आपण कोणाच्याच नाही, हे तिने इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच ऐकलं असेल. मावशीने तिच्या हातात फडकं दिलं आणि पाणी पुसायला लावलं. तिने पुसलं ते असं, की आधीपेक्षा जास्त पसरलं.

त्या दिवशी मावशीने ठरवलं की या पोरांना व्हरांड्यावरून हलवायचं. दया वगैरे काही नव्हती, फरशीचा प्रश्न होता.

जिन्याखाली एक अडगळीची खोली होती. मोडके बाक, नकाशांच्या गुंडाळ्या, फुटका पृथ्वीगोल, आणि एका खोक्यात बुद्धिबळाचा संच. तो शाळेला कोणीतरी भेट दिला होता, आणि भेट दिलेल्या वस्तूचं शाळेत जे होतं ते त्याचं झालं होतं. वर्षातून एकदा तपासणीला साहेब आले की तो टेबलावर मांडून ठेवत. साहेब गेले की परत खोक्यात. खेळलं कोणीच नव्हतं. एक काळं प्यादं हरवलं होतं, तिथे मावशीने दोऱ्याचं रिकामं रीळ ठेवलं.

मावशीला बुद्धिबळ येतं, हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नव्हतं. ती लहान असताना तिचे वडील आणि त्यांचा एक मित्र रोज संध्याकाळी पट मांडून बसत. ही बाजूला बसून शेंगा सोलायची. "बघायचं तर बघ, हात लावू नकोस," वडील म्हणत. सात-आठ वर्षं तिने बघितलं. घोडा कसा वाकडा उडी मारतो, उंट कसा तिरका पळतो, पांढरा वजीर पांढऱ्या घरात उभा राहतो, आणि कोणाची चाल चुकली की समोरच्याच्या मिशा कशा हलतात. शेंगा सोलता सोलता चूक तिला वडिलांच्याही आधी दिसायची. बोलायची मात्र नाही. बोलली असती तर शेंगा घेऊन आत जावं लागलं असतं. पुढे लग्न झालं, नवऱ्याला पत्ते आवडत, आणि बुद्धिबळ राहिलं ते राहिलंच.

तर मावशीने जिन्याखालची खोली झाडली, एक बाक आडवा टाकला आणि त्यावर पट ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा पट तिच्या समोर होता. तिने तो डोळ्यांना सवय होती तसा फिरवून घेतला, उजव्या हाताच्या कोपऱ्यात काळं घर. मग सोंगट्या लावल्या. मग व्हरांड्यात जाऊन ती चौघं पोरं हाकत आणली.

"इथे बसायचं. आवाज केला तर मी घंटेचा टोल डोक्यात घालीन."

"आम्हाला येत नाही हा खेळ," चिमटा म्हणाली.

"गणित तरी कुठे येतंय? बस."

तिने त्यांना शिकवलं ते असं दात-ओठ खात. नियम चार. बसल्यावर पहिल्यांदा पट तपासायचा, उजव्या हाताला काळं घर आहे ना ते बघायचं. बोलायचं नाही. सोंगटीला हात लावला की तीच हलवायची, मग घर जळालं तरी. आणि चौथा नियम तिच्या स्वतःच्या डोक्यातून आला होता: जो हरेल त्याने सोंगट्या परत लावायच्या आणि लावता लावता, सगळ्यांना ऐकू येईल असं सांगायचं, आपलं कुठे चुकलं. समोरच्याने हसायचं नाही. हसला तर त्याने खोली झाडायची.

हा चौथा नियम तिने का काढला, ते तिने कोणाला सांगितलं नाही. वडिलांची चूक तिला दिसायची आणि सांगता यायची नाही, ती आठ वर्षांची गिळलेली बोलणी कुठेतरी बाहेर पडत असावीत.

ती स्वतः खेळत नसे. पालथ्या बादलीवर बाजूला बसायची आणि बघायची. पोरांना वाटायचं, मावशी इतकी मोठी खेळाडू की आपल्याशी खेळणं तिला कमीपणाचं वाटतं. मावशीनेही तो गैरसमज काढला नाही. बाजूने बघताना पट कधीकधी तिला कसासाच वेगळा वाटायचा, काहीतरी डोळ्याला खुपायचं. तिने चष्म्याला दोष दिला. चष्मा जुना होता, आणि बिचारा उलट बोलत नव्हता.

पहिला महिना भांडणातच गेला. हरल्यावर चूक सांगायची म्हटलं की पोरांच्या जिवावर यायचं. "मी चुकलो नाही, त्याने फसवलं." "तिने माझ्याकडे बघितलं म्हणून." चिमट्याने तर पहिल्याच हरण्याला पट उधळला. घोडा मावशीच्या कपाळाला लागला.

"उचल," मावशी म्हणाली.

"नाही उचलणार."

"मग बस. मलाही घाई नाही. पाच वाजेपर्यंत घंटा द्यायची नाहीये मला."

चिमटा बसून राहिली. तासभर दोघी एकमेकींकडे दोन मांजरींसारख्या बघत होत्या. शेवटी पोरीने सोंगट्या उचलल्या, एक एक करून आपटत लावल्या आणि शेवटचं प्यादं ठेवताना म्हणाली, "हत्ती मोकळा सोडला. झालं समाधान?"

"झालं. उद्या सोडू नकोस."

त्यांच्यात एक मुलगा होता, त्याला गप्प्या म्हणत. वर्गात तो कधी बोलायचा नाही. सरांनी विचारलं की खाली बघायचा, म्हणून बाहेर. बुद्धिबळात तो रोज हरायचा, आणि हरायचा म्हणून रोज बोलावं लागायचं. दोन महिन्यांत आपल्या चुका सांगण्यात तो इतका तयार झाला की थांबवावं लागायचं. "आणि त्याच्या आधीची चालसुद्धा चुकली होती, आणि त्याच्या आधीची..." "पुरे," मावशी म्हणायची, "जन्मापासून नको सांगू."

चिमटा मात्र जिंकायला लागली. पण व्हरांड्यात, मैदानात, पाण्याच्या पिंपापाशी तिचा हात चालूच होता. तिसऱ्या तक्रारीला तिच्या आईला बोलावणं गेलं. आई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती आली आणि मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. तिथे मावशी पाण्याचा ग्लास ठेवायला गेली होती, म्हणून तिने सगळं ऐकलं.

"हे बघा," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणखी एकदा हिने कोणावर हात उचलला तर शाळा सोडल्याचा दाखला तुमच्या हातात देईन. मग दुसरी शाळा शोधा."

"दुसरी शाळा चालत जाण्याजोगी नाही, बाई."

"ते तिने हात उचलण्याआधी बघायचं."

आई पोरीकडे वळली. मारलं नाही, ओरडली नाही. सुया टोचून खरखरीत झालेल्या बोटांनी तिने पोरीची वेणी उगाच सरळ केली आणि म्हणाली, "घरी बसवीन. खरं सांगते. माझ्याबरोबर बटणं लावायला नेईन." तिचा आवाज इतका थकलेला होता की ते खोटं वाटायला जागाच नव्हती.

गणिताचे सर खुर्चीत बसून होते. ते म्हणाले, "बटणं लावायलाही एका जागी बसावं लागतं."

मावशीने ग्लास जरा जोरात ठेवला. पाणी सरांच्या वहीवर उडालं. "चुकून," ती म्हणाली.

सरांचा राग दुहेरी होता. एक तर जिन्याखाली शाळेची वस्तू झाडूवालीने उघडली होती. दुसरं म्हणजे चिमटा आता वर्गात एक नवाच उद्योग करायला लागली होती. गणित चुकलं की सर वहीवर लाल फुली मारून वही फेकायचे. ती वही उचलून परत आणायची. "सर, कुठे चुकलं ते सांगा." जिन्याखाली तिला हीच सवय लागली होती. सरांना ते उद्धटपण वाटायचं. "कुठे चुकलं काय? जन्माला आलीस तिथे चुकलं." चाळीस मुलं हसायची. जिन्याखाली हसणाऱ्याला झाडू मिळायचा, इथे कोणाला काही मिळत नव्हतं. चिमटा बाहेर यायची तेव्हा तिच्या मुठी वळलेल्या असायच्या. मावशी मुठींकडे बघायची आणि पटाकडे बोट करायची.

त्याच सुमारास शाळाशाळांच्या बुद्धिबळ स्पर्धेचं पत्र आलं. शाळेतून एक मूल पाठवायचं होतं. सरांनी आपला मुलगा ठरवूनही टाकला होता. आपला म्हणजे वर्गातला, पोटचा नव्हे. त्याला सगळे पहिला नंबर म्हणत, शिक्षकसुद्धा. त्याला शिकवायला घरी माणूस यायचा. पण मोठ्या बाई म्हणाल्या, निवड करायची तर सगळ्यांसमोर करा, उद्या कोणी बोट दाखवायला नको. आठ मुलांची नावं आली. आठवं नाव गप्प्याने सभागृहाच्या फळ्यावर स्वतः लिहिलं: चिमटा.

सर मावशीला जिन्यात गाठून म्हणाले, "येऊ दे की. चार माणसांत तिने हात उचलला की माझं काम सोपं होईल."

मावशीने त्यांच्या बुटांकडे बघितलं. "बूट पुसून या, सर. फरशी ओली आहे."

शनिवारी सकाळी सभागृहात चार टेबलं मांडली. बाहेरून एक पंच आले होते, जाड भिंगांचे, कंटाळलेले. चिठ्ठ्या टाकल्या आणि चिमट्याच्या समोर आला पहिला नंबर. पांढऱ्या सोंगट्या तिच्या. मावशी पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. ते तिचं कामच होतं, पण इतर टेबलांवर त्या दिवशी कोणाला पाणी मिळालं नाही.

चिमटा बसली आणि पहिला नियम पाळला, पट तपासला. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर होतं. तिने कपाळाला आठ्या घातल्या. दोन्ही हातांनी पट उचलला, सोंगट्या गडगडल्या, आणि तिने पट फिरवून ठेवला.

"काय करतेयस?" पंच म्हणाले.

"उलटा मांडलाय तुम्ही. उजव्या हाताला काळं घर लागतं."

पंच आधी समजलेच नाहीत. मग हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. "पोरी, जगात सगळीकडे उजव्या हाताला पांढरं घर असतं. कोणी शिकवलं तुला?"

ती उत्तर द्यायच्या आत पहिला नंबर म्हणाला, "आमच्या शाळेतली झाडूवाली. ती पट पुसते ना, तेव्हा फिरला असेल."

सगळं सभागृह हसलं. सर हसले. हसण्यात त्यांचा आवाज सगळ्यात स्वच्छ होता. मावशीच्या हातातला जग गार पडला, म्हणजे जग आधीपासून गारच होता, गार पडला तो हात. उजव्या हाताला पांढरं. डोळे मिटून तिने वडिलांचा पट आठवला, शेंगांची परात आठवली, आपली बसायची जागा आठवली. आणि मग तिला दिसलं. ती समोर कधी बसलीच नव्हती. ती बाजूला बसायची. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला पांढरं घर असेल, तर बाजूला बसणाऱ्याच्या उजव्या हाताला काळं येतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तिने जो पट मनात जपला, तो शेजारून बघितलेला होता, आणि तोच तिने पोरांपुढे सरळ म्हणून मांडला होता.

पंचांनी पट पुन्हा फिरवून सोंगट्या लावल्या. आता चिमट्याचं सगळं डाव्याचं उजवं झालं होतं. राजाच्या जागी वजीर, वजिराच्या जागी राजा. तरी ती खेळली. पहिल्या नंबरचं एक प्यादं घेतलं, मग एक उंट. त्याचे कान लाल झाले. तो घोडा उचलून विचार करत बसला तेव्हा मावशीला वाटलं, होतंय बहुतेक.

मग राजा हत्तीच्या आड लपवायची वेळ आली. चिमट्याची नजर समोरच्याच्या घोड्यावर होती. हात सवयीने गेला, नेहमीच्या जागी, आणि बोटांनी वजीर धरला.

"हात लावला," पहिला नंबर म्हणाला. "आता तोच हलवायचा."

वजिराला जायला एकच घर मोकळं होतं आणि तिथे त्याचा उंट नेम धरून बसला होता. तिने वजीर हलवला. त्याने घेतला. आणखी अकरा चालींत संपलं.

पहिला नंबर उठला. जाता जाता तिच्या कानाशी वाकून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जिन्याखाली जा. तिथे सगळं उलटंच असतं."

चिमट्याची मूठ वळली. मोठ्या बाई पुढच्या रांगेत होत्या, सरांनी मान उंच केली होती. मावशीला त्या पोरीच्या कोपराचं टोक दिसलं. ते मागे गेलं. आणि मग ते तसंच खाली आलं. मूठ उघडली आणि हाताने एक प्यादं उचललं. ती सोंगट्या परत लावायला लागली होती.

"वजिराला हात लावला," ती मोठ्याने म्हणाली, कारण नियम तसा होता. "राजा समजून. तिथे चुकलं. मला शिकवलं होतं की माझा राजा डावीकडे असतो."

सगळ्यांची डोकी दाराकडे वळली. चिमट्याचंही. ती मावशीकडे बघत होती आणि थांबली होती. पुढचं वाक्य तिचं नव्हतं, मावशीचं होतं.

मावशीने जग खाली ठेवला, चार रिकामे ग्लास उचलले आणि निघून गेली. जिन्यावर एक ग्लास तिच्या हातून फुटला. तो तिने झाडला. झाडणं तेवढं बरोबर जमलं.

सोमवारी चिमटा बाहेर काढली गेली, ते रोजचंच होतं. पण ती जिन्याखाली गेली नाही. मैदानातला चिखल चपलेला लागेल अशा बेताने खाली जाऊन आली आणि पुसलेल्या व्हरांड्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. मग परत. मावशीने पुसलं. ती पुन्हा चालली. मंगळवारी तेच. एक शब्द नाही.

बुधवारी गप्प्या मावशीजवळ आला. "ती रागावली आहे."

"दिसतंय मला. फरशीवर लिहिलंय तिने."

"पट उलटा होता म्हणून नाही रागावली."

"मग?"

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून. आम्ही रोज सांगतो." एवढं बोलून तो थांबला, मग सवयीने पुढे म्हणाला, "आणि तुम्ही निघून गेलात, तेही चुकलं. आणि त्याच्या आधी..."

"पुरे," मावशी म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा टोल नव्हता.

तिकडे पहिला नंबर गप्प बसत नव्हता. पिंपापाशी भेटला की ग्लास पालथा ठेवायचा, "तुमच्यात असाच पितात ना?" पुस्तक उलटं धरून तिच्यासमोर वाचायचा. सरांना दिसायचं. पण त्या आठवड्यात सर काहीच न दिसल्यासारखं वागत होते. एकच बुक्की हवी होती त्यांना, आणि ती कधी बसते याची ते वाट बघत होते.

गुरुवारी दुपारी मावशी व्हरांडा पुसत होती. चिमटा भिंतीशी उभी. पहिला नंबर खडू आणायला म्हणून वर्गातून बाहेर आला आणि तिच्यासमोर उलटा चालायला लागला. पाठ पुढे, तोंड तिच्याकडे. "बघ, मी पण झाडूवालीकडे शिकलो." वर्गाचं दार उघडं होतं. आतली पहिली रांग हसली. सर फळ्याकडे तोंड करून उभे होते आणि त्यांचा खडू थांबलेला होता.

चिमटा भिंतीपासून सुटली. या वेळी मूठ उघडणार नाही, हे मावशीला पाठीवरून कळलं. मावशीला त्या क्षणी आईची खरखरीत बोटं आठवली, आणि वेणी.

तिने बादली उचलली आणि दोघांच्या मधे दाणकन ठेवली. पाणी उसळलं.

"माझं चुकलं," मावशी म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. पहिला नंबर थांबला. चिमटाही.

"मोठ्याने," चिमटा म्हणाली. दात आवळून म्हणाली, पण म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असं. नियम आहे."

मावशीने उघड्या दाराकडे बघितलं. चाळीस तोंडं होती आत. एकतीस वर्षांत तिने या दाराच्या आत झाडूशिवाय कधी पाऊल ठेवलं नव्हतं. आता हातात झाडू नव्हता, फडकं होतं. ते तिने सोडलं नाही.

"मी पट चुकीचा शिकवला," ती म्हणाली. "मी लहानपणी बाजूला बसून शिकले. मला समोर बसू देत नसत. बाजूने बघितलं की उजव्या हाताला काळं घर दिसतं. मला वाटलं, तेच खरं. ही पोर हरली ती माझ्यामुळे हरली. आणि शनिवारी मी तोंड लपवून पळाले, तेही चुकलं."

"मावशी, इथे वर्ग चालू आहे," सर म्हणाले.

"चालू द्या. मीही चूकच सांगतेय, तुमच्या वर्गात कोणी सांगत नाही म्हणून बाहेरून सांगते."

आत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं आणि गप्प झालं. सर दारापर्यंत आले. "मोठ्या बाईंना कळेल हे."

"कळू द्या. सांगताना हेही सांगा की हिने हात उचलला नाही. उचलला का? बघितलंत ना तुम्ही? का फळ्याला डोळे होते?"

"आत ये," सर पहिल्या नंबरवर खेकसले. त्याला सरांनी असं कधी बोलावलं नव्हतं, त्याचा चेहरा पडला. दार लागलं, तेही आवाज करून. सरांनी पुढेही चिमट्याला बाहेर काढायचं सोडलं नाही. तसं काही झालं असं कोणी समजू नये.

व्हरांड्यात दोघीच राहिल्या. चिमट्याच्या मुठी अजून वळलेल्या होत्या, पण आता त्या कोणासाठी होत्या ते तिला ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही कधी खेळलातच नाही?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

"मग आम्हाला कशाला शिकवलंत?"

"तुम्ही माझी फरशी घाण करत होतात."

चिमट्याने फरशीकडे बघितलं. तीन दिवसांचा चिखल पुसून पुसून एक पिवळट पट्टा तिथे राहिला होता. "अजूनही करतेय," ती म्हणाली.

"दिसतंय."

पोरगी वळली आणि जिन्याकडे निघाली. मावशी मागोमाग गेली, कारण खोलीची किल्ली तिच्या कमरेला होती. आत चिमट्याने बाक ओढला, पट काढला आणि तो फिरवून ठेवला. उजव्या हाताला पांढरं घर. सोंगट्या लावल्या, काळ्या प्याद्याच्या जागी रीळ. मावशी सवयीने पालथ्या बादलीकडे वळली.

"तिथे नाही," चिमटा म्हणाली. "समोर बसा."

मावशी समोर बसली. बाक ठेंगणा होता, गुडघे हनुवटीला आले. पट इतका जवळून वेगळाच दिसत होता, सगळ्या सोंगट्या जणू तिच्याच अंगावर चालून येणार होत्या. तिने पांढऱ्या घेतल्या. घोडा काढला, उंट काढला. चूक दिसायला वेळ लागत होता. बाजूला बसलं की दोघांच्या चुका दिसतात, इथे फक्त भीती दिसत होती. सातव्या-आठव्या चालीला राजा लपवावा म्हणून तिने हात पुढे केला. हात जुन्या जागी गेला.

"हात लावला," चिमटा म्हणाली.

मावशीने आपल्या बोटांत धरलेल्या वजिराकडे बघितलं. सोडून देता आला असता, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिने तो हलवला. चिमट्याने तो घेतला, जराही दया न दाखवता, आणि पंधराव्या चालीला मात दिली.

मग ती मागे टेकली आणि हाताची घडी घातली. हसली नाही. हसली असती तर खोली झाडावी लागली असती.

"लावा," ती म्हणाली, "आणि सांगा."

मावशी एक एक सोंगटी उचलून जागेवर ठेवायला लागली. "वजिराला हात लावला," ती म्हणाली. "राजा समजून."

"मोठ्याने."

"वजिराला हात लावला," मावशी मोठ्याने म्हणाली. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की मधल्या सुट्टीची घंटा द्यायची राहिली आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वर सगळी शाळा वाट बघत बसली असेल, सर घड्याळाकडे बघत असतील. ती उठायला लागली.

"आधी सगळ्या लावा," चिमटा म्हणाली. "रीळ राहिलंय."

मावशीने रीळ काळ्या प्याद्याच्या जागी ठेवलं आणि मगच घंटेकडे गेली.